संगणकाला मराठी नीट बोलता यावे म्हणून : मराठी भाषा विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : अंध संगणक-वापरकर्त्यांच्या मुक्तस्रोत स्क्रीन रीडरमधील मराठीचे काम शासनाने कायमस्वरूपी हाती घेण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

हे पत्र मी परळच्या माझ्या घरी, संगणकाची स्क्रीन बंद ठेवून लिहीत आहे. मी जन्मापासून अंध आहे. फोर्टमधल्या एका बँकेत गेली एकोणीस वर्षे नोकरी करते आणि तिथला प्रत्येक अर्ज, प्रत्येक ईमेल, खात्यातला प्रत्येक आकडा मला संगणक बोलून दाखवतो. जे सॉफ्टवेअर हे काम करते त्याला आम्ही स्क्रीन रीडर म्हणतो. माझ्यासारख्यांच्या शिक्षणाचा, नोकरीचा आणि खासगी पत्रव्यवहाराचा सगळा भार आज त्या एका सॉफ्टवेअरवर आहे. ते इंग्रजी उत्तम बोलते, मराठी मात्र अडखळत बोलते. ही अडखळ दूर करणे कोणा परदेशी कंपनीच्या नव्हे, तर आपल्या विभागाच्या हातात आहे, अशी माझी खात्री असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिसरीत शिकणारा माझा भाचा माझ्या शेजारी बसून स्वतः टाइप केलेला निबंध संगणकाकडून वाचून घेत होता. पहिलाच शब्द होता ‘माझा’. संगणकाने त्यातला ‘झ’ ‘माझी’मधल्या ‘झ’सारखा उच्चारला. मुलगा थांबला. आपलेच काहीतरी चुकले असेल असे समजून त्याने तो शब्द पुसून पुन्हा टाइप केला, तरी तेच ऐकू आले. मग तिसऱ्यांदा टाइप केला. शेवटी स्क्रीनकडे नीट पाहून तो म्हणाला, “मावशी, मी तर बरोबरच लिहिलंय.” तो डोळस असल्यामुळे त्याला ही खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करून घेता आली. त्याच्या वयाच्या अंध मुलाला ती करून घेण्याचा दुसरा मार्ग नसतो. त्याच्या दृष्टीने तो आवाज हेच पुस्तक, तीच वही आणि तेच शुद्धलेखन. आवाज चुकला की मूल स्वतःच्या बरोबर असलेल्या मराठीवर संशय घेऊ लागते, आणि ही गोष्ट मी अंधशाळेतल्या मुलांच्या बाबतीत वारंवार अनुभवली आहे.

स्क्रीन रीडर काम कसे करतो हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण पुढची मागणी त्यावर अवलंबून आहे. हे सॉफ्टवेअर स्क्रीनचे चित्र पाहत नाही. संगणकावरचा प्रत्येक प्रोग्राम आपल्या खिडकीत काय आहे याची माहिती ऑपरेटिंग सिस्टीमकडे मांडतो : हे बटण आहे, त्याचे नाव अमुक आहे, हा चेकबॉक्स आहे, तो निवडलेला नाही. स्क्रीन रीडर ती माहिती विचारून घेतो, तिची वाक्ये जुळवतो आणि ती वाक्ये वाचा-इंजिनाकडे म्हणजे मजकुराचे आवाजात रूपांतर करणाऱ्या भागाकडे सोपवतो. जोडलेले असेल तर तोच मजकूर ब्रेल यंत्राकडेही जातो. म्हणजे माहिती गोळा करणारा एक भाग आणि बोलणारा दुसरा भाग. पहिल्या भागाला भाषेशी फारसे देणेघेणे नसते, म्हणून जगात कुठेही झालेली त्यातली सुधारणा आपल्याला आयती मिळते. दुसरा भाग मात्र ज्याच्या त्याच्या भाषेचा असतो, आणि मराठीच्या बाबतीत तो भाग आपल्याशिवाय दुसरे कोणी पूर्ण करणार नाही.

मी संगणक शिकले तेव्हा, म्हणजे दोन दशकांपूर्वी, स्क्रीन रीडर ही विकत घेण्याचीच वस्तू होती आणि तिची किंमत कित्येकदा संगणकाहून अधिक असे. आमच्या प्रशिक्षण केंद्रात अकरा मुलांमागे दोनच परवाने होते. उरलेल्या संगणकांवर नमुन्याची प्रत चाले, जी दर चाळीस मिनिटांनी बंद पडे आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागे. अर्धे लिहिलेले पत्र, अर्धे सोडवलेले गणित आणि चाळीसावे मिनिट यांची सांगड घालण्याची सवय आम्हाला लागली होती. तो आवाज फक्त इंग्रजी बोले. त्यामुळे दहावीपर्यंत ब्रेल पाटीवर मराठी लिहिणारी मी संगणकावर आले ती थेट इंग्रजीत, आणि पुढची कित्येक वर्षे माझे मराठी लेखन लेखनिकाच्या हातून होत राहिले. माझ्या आईला मी स्वतः लिहिलेले पहिले मराठी पत्र वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पाठवले.

तो बदल घडला तो एनव्हीडीए या मुक्तस्रोत स्क्रीन रीडरमुळे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले. लहानपणी एका संगीत शिबिरात ओळख झालेला त्याचा मित्र जेम्स टेह, तोही अंध, त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी २००७ मध्ये एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था उभी केली. डोळस माणसाला संगणकाबरोबर स्क्रीन मिळते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. मग अंध माणसाने तीच माहिती ऐकण्यासाठी दुसऱ्या संगणकाइतकी रक्कम का मोजावी, हा त्यामागचा साधा विचार होता. हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, पेन ड्राइव्हवरून चालते आणि पन्नासहून अधिक भाषांमध्ये जगभरच्या स्वयंसेवकांनी त्याचे भाषांतर केले आहे. मुख्य म्हणजे त्याचा सगळा सोर्स कोड खुला आहे. तो कोणीही वाचावा, बदलावा, बदललेली प्रत वाटावी. अट एवढीच की पुढच्या माणसालाही तेच स्वातंत्र्य मिळाले पाहिजे. फुकटचे म्हणजे कमी दर्जाचे, हा समज शासकीय बैठकांत मी अनेकदा ऐकला आहे, म्हणून एक आकडा नोंदवते. वेबएम या संस्थेने २०२३-२४ मध्ये स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची जी पाहणी केली, तिच्यात सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी आपण एनव्हीडीए नेहमी वापरतो असे सांगितले. उत्तरे देणाऱ्यांत बहुसंख्य उत्तर अमेरिका आणि युरोपातले होते, म्हणजे विकतचे सॉफ्टवेअर परवडत नाही अशी त्या सगळ्यांची स्थिती नव्हती.

एनव्हीडीएसोबत जे वाचा-इंजिन येते त्याचे नाव ईस्पीक एनजी. तेही मुक्तस्रोत आहे. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एका छोट्या संगणकासाठी लिहिलेल्या प्रोग्राममधून ते वाढत गेले आणि आज शंभराहून अधिक भाषा बोलते. त्यात मराठीही आहे. आवाज यंत्राचा वाटतो, कारण तो कोणा माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज नसून नियमांवरून घडवलेला ध्वनी असतो. मराठीसाठी त्यात दोन मुख्य फायली आहेत. एका फाइलमध्ये नियम असतात : अमुक अक्षर, त्याच्या आधी हे असेल आणि नंतर ते असेल, तर उच्चार असा. दुसऱ्या फाइलमध्ये नियमांत न बसणाऱ्या शब्दांची यादी असते. साध्या मजकूर-संपादकात त्या उघडता येतात, एक ओळ बदलता येते आणि बदल लगेच कानाने तपासता येतो. मी प्रोग्रामर नाही, तरीही रविवारी संध्याकाळी आम्ही चौघे-पाचजण एकत्र बसून हे काम करतो, आणि त्या बसण्यातूनच मराठीच्या ध्वनींकडे मी पहिल्यांदा इतक्या बारकाईने पाहिले.

‘माझा’चेच घ्या. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. चाक, चूल, जुना, झाड यांतले उच्चार दातांजवळचे. चंद्र, चरित्र, जीवन यांतले टाळूचे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा टाळूचा उच्चार राखतात, इ-ई-ए आणि य यांच्यापूर्वीही तोच येतो. म्हणून ‘त्याचा’ दातांजवळ आणि ‘त्याची’ टाळूवर. तीन वर्षांचे मूल हे न शिकवता बिनचूक करते. यंत्राला मात्र शब्द कुठून आला हे कळत नाही, त्यामुळे नियम लिहून अर्धी वाट कापली जाते आणि उरलेल्या अर्ध्या वाटेसाठी शब्दांची यादीच लागते. त्यातही ‘चार’ हा आकडा आणि गुराला ‘चार’ ही आज्ञा, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, अशा जोड्या उरतातच, ज्यांचा निकाल वाक्य पाहिल्याशिवाय लागत नाही.

अनुस्वाराची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘संगणक’, ‘संबंध’ आणि ‘संशय’ या तीन शब्दांत एकच टिंब तीन वेगळे आवाज देते. आणि ‘केलं’, ‘सगळं’, ‘घरं’ यांवरचे टिंब तर नाकात जातच नाही, ते शेवटचा ‘अ’ लांबवते. आपल्या कथा-कादंबऱ्यांतले संवाद, वर्तमानपत्रातले लेख, घरच्यांचे मेसेज या सगळ्यांत हे शेवटचे टिंब ओळीओळीला येते. ज्या आवाजाला ते कळत नाही तो ‘सगळं’चा ‘सगळम’ करतो, आणि मग एक साधी गोष्ट ऐकताना दर चौथ्या शब्दाला ठेच लागते. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र, यांत फरक करणारे अर्धे र तर संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवले जाते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. वाचा-इंजिनाला दोन्ही ठाऊक नसतील तर त्यातल्या एका पद्धतीने लिहिलेला शब्द मध्येच तुटतो.

आणि जिथे मराठी आवाज बसवलेलाच नसतो, तिथे मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो. लिपी एकच असल्यामुळे तसे वाचता येते, म्हणून अनेक डोळस अधिकाऱ्यांना यात काही बिघडते असे वाटत नाही. बिघडते ते असे : ‘ज्ञ’चा ‘ग्य’ होतो, ‘कृष्णा’ नदीची ‘क्रिष्णा’ होते, शब्दातला आघात आणि गाळलेला ‘अ’ दुसऱ्याच भाषेचा होतो. ज्ञानेश्वरी ‘ग्यानेश्वरी’ म्हणून ऐकत मोठी होणारी मुले आज या शहरात आहेत. त्यांना कोणी तरी चुकले आहे हे सांगेपर्यंत तोच उच्चार बरोबर वाटत राहतो. मराठी भाषा विभागाने ज्याची काळजी करावी अशी याहून अधिक थेट गोष्ट मला दिसत नाही.

यावर एक सोपे वाटणारे उत्तर नेहमी पुढे येते : आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, माणसासारखे गोड आवाज निघाले आहेत, ते घ्यावेत. त्या आवाजांचे मी मनापासून स्वागत करते. कादंबरी ऐकायला ते छान आहेत, आणि केंद्र सरकारच्या भाषिणी या भाषा-तंत्रज्ञान उपक्रमासारख्या प्रयत्नांतून भारतीय भाषांसाठी मोठे काम उभे राहत आहे. परंतु स्क्रीन रीडरचा आवाज हा कथाकथनाचा आवाज नसतो. मी बाण-कळ दाबली की पुढचे अक्षर त्याच क्षणी ऐकू आले पाहिजे; दुसरी कळ दाबली की पहिले बोलणे तिथल्या तिथे तुटले पाहिजे. दिवसाला हजारो वेळा हे घडते. कामाच्या वेळी मी आवाजाची गती इतकी वाढवून ठेवते की शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला त्यातला एक शब्दही कळत नाही, आणि त्या गतीला नियमांवरून घडवलेला कोरडा आवाजच सुस्पष्ट राहतो, गोड आवाज विरघळतो. शिवाय तो आवाज इंटरनेट नसतानाही, दहा वर्षे जुन्या संगणकावरही चालला पाहिजे, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि खेड्यातल्या घरात तोच संगणक असतो. दोन्ही प्रकारचे आवाज हवेत, पण निवड करावी लागली तर मी माझ्या कामासाठी कोरडाच आवाज घेईन. कोणत्याही समितीने आवाज निवडताना तो आधी रोज वापरणाऱ्यांच्या कानांवर टाकावा, त्यांच्या गतीने, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अंधांसाठी संगणक म्हटले की चर्चा खरेदीकडे वळते, हा माझा अनुभव आहे. किती परवाने घ्यायचे, कोणत्या दराने, किती वर्षांसाठी. परवान्याची मुदत संपते आणि पैशाबरोबर सोयही संपते. त्या बंद सॉफ्टवेअरमधला ‘ज्ञ’ चुकीचा असेल तर तो दुरुस्त करण्याचा अधिकार परवाना विकत घेणाऱ्याला मिळत नाही. काही वर्षांपूर्वी एका विकतच्या मराठी आवाजातील चुकांची सत्तावीस शब्दांची यादी मी त्याच्या निर्मात्यांना पाठवली होती. नम्र पोच आली, पुढे काही झाले नाही. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या हिशेबात मराठी अंध ग्राहक थोडे आहेत. पण महाराष्ट्र शासनाच्या हिशेबात ते थोडे नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे पावणेसहा लाख नोंदली गेली. मुक्तस्रोत आवाजात एकदा केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाने स्वीकारली की ती पुढच्या आवृत्तीबरोबर गडचिरोलीच्या शाळेतही पोहोचते आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी आजोबांपर्यंतही, आणि ती पुन्हा विकत घ्यावी लागत नाही.

विभागाने असे काम पूर्वी केलेलेच नाही, असेही नाही. २००९ मध्ये शासनाने मराठी लिपी आणि वर्णमाला प्रमाणित करण्याचा निर्णय घेतला. त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांचा आकार नेमका कसा असावा इथपर्यंत विचार झाला होता. डोळ्यांनी दिसणाऱ्या अक्षरासाठी शासनाने एवढी चिकित्सा केली याचा मला आदर आहे. मागणी एवढीच आहे की कानांनी ऐकू येणाऱ्या अक्षरासाठी तशीच चिकित्सा व्हावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि त्यानिमित्ताने भाषेच्या संवर्धनाविषयी पुष्कळ बोलले गेले. त्या संवर्धनात उच्चारकोशाला जागा मिळावी. आपल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, विश्वकोश मंडळाच्या नोंदी आहेत, राज्य मराठी विकास संस्थेकडे भाषाशास्त्रज्ञांची ओळख आहे. मराठी शब्द आणि त्यापुढे त्याचा प्रमाण उच्चार, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात आणि कोणालाही वापरता येईल अशा मुक्त परवान्याखाली, एवढे जरी प्रसिद्ध झाले तरी आमचे अनेक वर्षांचे काम एका झटक्यात पुढे जाईल. त्याचा उपयोग अंधांपुरता राहणार नाही. परप्रांतातून आलेला, मराठी शिकू पाहणारा माणूसही ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला फरक त्यावरून शिकेल.

कायद्याचा आधार आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माहिती आणि संपर्काची साधने सर्वांना वापरता येतील अशी ठेवण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. मराठी ही राज्याची राजभाषा आहे. मग मराठी मजकूर नीट ऐकू येत नसेल तर त्या हक्काचा उपभोग मराठी माणसाने कोणत्या भाषेत घ्यावा?

आता मागणी नेमकी काय, ते सांगते. एक छोटा, कायमचा चमू असावा : दोन-तीन प्रोग्रामर, एक भाषाशास्त्रज्ञ आणि रोज स्क्रीन रीडर वापरणारे किमान दोन अंध सहकारी, पगारी, मानधनावर बोलावलेले पाहुणे नव्हेत. प्रकल्प, उद्घाटन, अहवाल आणि मग शांतता, हे मी पाहिले आहे. सॉफ्टवेअर दर काही महिन्यांनी बदलते, विंडोज बदलते, ब्राउझर बदलतो. ज्या दिवशी चमू उठतो त्या दिवसापासून काम शिळे होऊ लागते. म्हणून तीन वर्षांच्या मोठ्या निधीपेक्षा दरवर्षीची छोटी तरतूद मला अधिक मोलाची वाटते. चमूने वेगळा ‘महाराष्ट्राचा स्क्रीन रीडर’ काढू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. वेगळी प्रत काढली की मूळ प्रकल्पातल्या सुधारणा तिच्यापर्यंत येत नाहीत आणि ती काही वर्षांत मरते. एनव्हीडीए, ईस्पीक एनजी, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा स्क्रीन रीडर ओर्का आणि मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणारे लिबलुई, या चालत्या प्रकल्पांतच मराठीचे काम व्हावे आणि तिथेच ते मूळ शाखेत जमा व्हावे. विभागाचे नाव त्या मुखपृष्ठावर दिसणार नाही, परंतु काम टिकेल.

मुंबईत यासाठी लागणारे सगळे आहे. वरळीला १९५२ मध्ये स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आहे, १९०० मध्ये सुरू झालेली मुलींची कमला मेहता अंधशाळा दादरला आहे, सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र आहे; जुहूला सी-डॅक ही शासकीय संगणक-संशोधन संस्था आणि पवईला आयआयटी आहे. यांपैकी कोणतेही ठिकाण मंत्रालयापासून लोकल आणि बसने फार तर दीड तासावर आहे. ही माणसे एकमेकांना ओळखतात, अनेकदा भेटतातही. त्यांना एका टेबलाभोवती नियमाने बसवणारे आणि त्या बसण्याचा पगार देणारे कोणी नाही, एवढीच उणीव आहे.

या कामातल्या एका लहान भागाविषयी मुद्दाम लिहिते, कारण तिथे चांगल्या हेतूने नुकसान होण्याची भीती असते. स्क्रीन रीडर स्वतःचे शब्दही बोलतो : बटण, यादी, निवडलेले, ओळ संपली. हे शब्द मराठीत हवेतच. पण ते घडवताना ‘चेकबॉक्स’साठी आठ अक्षरांचा नवा शब्द कृपया देऊ नये. डोळस माणूस असा शब्द एकदा वाचून पुढे जातो. मी तो दिवसातून शेकडो वेळा ऐकते, आणि प्रत्येक जादा अक्षर माझ्या दिवसातून वेळ कापून घेते. जो शब्द लोकांच्या तोंडी आहे आणि लहान आहे, तो ठेवावा. अक्षरओळखीच्या वाक्प्रयोगांचेही तसेच. एकेक अक्षर वाचताना ‘श’ आणि ‘ष’, ‘इ’ आणि ‘ई’ कानाला सारखेच लागतात, म्हणून स्क्रीन रीडरला ‘शहामृगातला श, षटकोनातला ष’ असे सांगता यावे लागते. हे शब्द शाळेच्या अंकलिपीतून घ्यावेत, म्हणजे लहान मुलांना ते आधीच ओळखीचे असतील. आम्ही अशी एक यादी करून पाहिली आहे. ‘ण’साठी ‘बाणातला’ घ्यावा की ‘फणातला’, यावर आमच्यात पाऊण तास चर्चा झाली, आणि ज्या मुलीने आयुष्यात फणा काढलेल्या नागाचे चित्र कधी पाहिलेले नाही तिने ‘बाण’ निवडला, कारण पत्ता विचारताना ‘बाणाच्या दिशेने जा’ हे तिने ऐकलेले होते. असा निर्णय डोळस तज्ज्ञांच्या समितीत कोणाला सुचला नसता.

आवाज कितीही सुधारला तरी त्याला वाचायला मजकूर हवा, आणि इथे सर्वच विभागांना आपण सांगू शकता असे काही आहे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर कागदावर उत्तम दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ असते आणि मला तशीच ऐकू येते. सही-शिक्क्यासाठी कागद छापून, स्कॅन करून चढवलेली पीडीएफ फाइल माझ्यासाठी कोरे पान असते : स्क्रीन रीडर ती उघडतो, पानाचा क्रमांक सांगतो आणि थांबतो. संकेतस्थळाच्या पानावर ‘ही भाषा मराठी’ अशी एक छोटी खूण कोडमध्ये घातलेली नसेल, तर मराठी आवाज बसवलेला असूनही संगणक तो वापरत नाही. ती खूण घालायला एका माणसाला एक मिनिट पुरते.

गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या बैठकीत ‘माझा’ दुरुस्त झाला. नियमांच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या, यादीत काही शब्द टाकले आणि भाच्याला फोनवर ऐकवले. त्याने लगेच ‘राजा’ ऐकवायला सांगितले, तो बरोबर आला. मग ‘वजन’ सांगितले, तो चुकला. तो शब्द आता या रविवारच्या यादीत आहे, आणि त्यामागे अजून काही हजार आहेत. आम्ही ते करत राहूच. चौघा-पाचजणांच्या रविवारांवर एका राज्याच्या राजभाषेचे हे काम सोडू नये, म्हणून आपणास पत्र लिहिले.

आपण भेटीची वेळ दिल्यास आम्ही संगणक घेऊन मंत्रालयात येऊ. वर लिहिलेला प्रत्येक शब्द आपल्याला आपल्या कानांनी ऐकता येईल, आधी हिंदी आवाजात, मग आजच्या मराठी आवाजात आणि शेवटी आम्ही दुरुस्त केलेल्या आवाजात. वीस मिनिटे पुरतील. या पत्राचे उत्तर कृपया युनिकोडमधील, म्हणजे जुन्या फाँटमध्ये टाइप न केलेला, मजकूर म्हणून ईमेलने पाठवावे. स्कॅन केलेले पत्र आले तर ते मला दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागेल.

आपली विश्वासू,
एक अंध संगणक-वापरकर्ती
परळ, मुंबई